मोकळी वाट

१

आम्हा बोटवाल्यांमध्ये समोरून कुणी आलं तर ‘कसे आहात’ असं विचारायची पद्धत नव्हती. ‘वाट कशी मिळाली?’ असं विचारायचे. त्याच्या उत्तरावरून माणसाचा दिवस कसा गेला ते आपोआप कळायचं.

कालवा डोंगर चढतो तो लॉकच्या जोरावर. लॉक म्हणजे एक दगडी हौद, बोट जेमतेम मावेल एवढा अरुंद, दोन्ही टोकांना लाकडी दारं. चढावर जाताना हौद रिकामा आणि खालची दारं सताड उघडी मिळाली, तर बोट न थांबवता आत घालायची. ही मोकळी वाट. समोरून एखादी बोट नुकतीच उतरून गेलेली असली तरच अशी मिळते. नाहीतर हौद भरलेला आणि दारं मिटलेली. मग बोट बांधा, काठावर चढा, किल्ली, म्हणजे लोखंडी हँडल, लावून झडपा उचला, पाणी उतरायची वाट बघत थंडीत उभे राहा, दारांचे लांब दांडे पाठीनं रेटा आणि पळत बोटीवर या. ही बंद वाट. हिवाळ्यात अशा बंद वाटेनं हातांची सालटी निघायची.

म्हणून प्रत्येक घरातलं एक माणूस बोटीच्या पुढे काठाकाठानं चालत जायचं आणि बोट पोचायच्या आत लॉक तयार ठेवायचं. आमच्या घरात हे काम माझ्या सासूबाईंचं होतं. केझाया त्यांचं नाव. डोक्यावर जुन्या वळणाची काळी टोपडी, कमरेच्या पट्ट्यात खोचलेली किल्ली आणि कमरेत पार वाकलेल्या. बाकी सगळे दांडा पाठीनं रेटतात. त्यांना ते जमायचं नाही. त्या खांदा लावायच्या आणि गाल लाकडाला टेकवायच्या. लग्न होऊन बोटीवर आले तेव्हा मी एकदा विचारलं होतं, “दाराला गाल लावून काय ऐकता हो?”

“पाणी,” त्या म्हणाल्या. “ते तयार झालं की सांगतं. तुझ्यासारखी नुसती टकळी चालू नसते त्याची.”

आपल्या किल्लीला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. घासून घासून तिची मूठ चांदीसारखी झाली होती. मी एकदा पुसायला म्हणून उचलली, तर लगेच, “ठेव खाली. सुकाणू धर तू, तेवढं जमतं तुला.” तेवढंसुद्धा जमतं असं त्यांनी म्हटलं, याचाच मला आनंद झाला होता.

त्या ऑक्टोबरात गेल्या. नेदरकॉटच्या चर्चमागे पुरलं. मुख्य कालव्याला एक जुना फाटा फुटतो, तो नेदरकॉटला जातो. त्या फाट्यावरून नेलेली ती शेवटची बोट. पेटीचं झाकण लावायच्या आधी माझ्या नवऱ्यानं, एफ्राइमनं, ती किल्ली त्यांच्या हातात दिली आणि बोटं मिटवली.

“अरे, चांगलं लोखंड आहे,” मी म्हटलं. “आपल्याला उपयोगी पडेल.”

“किल्लीशिवाय ती तिथं करणार काय?” तो म्हणाला. त्याचे डोळे इतके सुजलेले होते की मी किल्ली तिथंच राहू दिली. पुढच्याच महिन्यात कालव्याच्या मालकांनी तो फाटा बंद केला आणि तिथल्या लॉकच्या दारांना साखळी घातली.

२

जानेवारीत बर्फ पडला तो थांबेचना. आमची बोट ‘लिनेट’ कोळसा भरून वर निघाली होती. एफ्राइमला आधी नुसता खोकला होता. मग एका सकाळी तो उठलाच नाही. अंग इतकं तापलेलं की चादरीला हात लावला तरी चटका बसावा. खोकताना गंजाच्या रंगाचं काहीतरी पडलं. माझे वडील असेच गेले होते.

इस्पितळ टॉलब्रिजला. रस्ते बर्फानं बुजलेले, गाड्या बंद. कालव्यावर मात्र बर्फाची काचेसारखी पातळ साय होती, ती बोटीच्या नाकानं फुटत होती. म्हणजे त्याला नेणारी मीच आणि नेणार होते ती याच बोटीतून. मदतीला कुणी नव्हतं. मध्ये एवढे लॉक, आणि वाट बंद मिळाली तर एकटीनं प्रत्येक लॉकला किती वेळ जाईल याचा हिशेब मी मनात सुरू केला आणि घाबरून सोडून दिला.

आमची खोली बोटीच्या मागच्या टोकाला असते. सुकाणू धरणारा खोलीच्या दारातच उभा असतो, पायांशी शेगडी, समोर पलंग. त्यामुळे मी धुक्यात बघत होते आणि खाली त्याचा श्वास ऐकत होते. घरघर, घरघर, मग खोकला.

पहिला लॉक धुक्यातून पुढे आला. खालची दारं सताड उघडी होती.

मला रडूच फुटलं. “मोकळी वाट, एफ!” मी खाली ओरडले. “कुणीतरी उतरून गेलंय!”

बोट आत घातली, दारं लावली, पाणी भरलं, वरचं दार उघडून बाहेर काढली. पुढच्या पाण्यावर बर्फाची साय होती. कडेपासून कडेपर्यंत अखंड, त्यावर कालचा भुरभुरीत बर्फ पडलेला तसाच.

कुणी उतरून गेलं असतं तर ती फुटलेली असती. मग म्हटलं, खालची दारं जुनी आहेत, गळतात, हौद रात्रीतून आपोआप रिकामा होतो. ते खरंच होतं. पण रिकामा झाला म्हणून दारं आपोआप उघडत नाहीत, हेही मला माहीत होतं. ते मी त्या क्षणी मनावर घेतलं नाही. नवरा मरायला टेकलेला असताना उघडं दार मिळालं, तर माणूस ‘का’ म्हणून विचारत बसत नाही.

३

हॉर्नली गाव काठावरच आहे. एक दुकान, एक दारूचा गुत्ता, चार चुली. दुकानवाली मिसेस पेल, तोंडानं फटकळ, पण उधारीवर कांदे देणारी. बोट लागलेली बघून ती शाल गुंडाळून बाहेर आली.

“काय गं डोर्कस, एवढ्या लवकर? खालचे सगळे लॉक काय राणीसाहेबांसाठी उघडून ठेवले होते?”

“उघडेच होते,” मी म्हटलं. “सगळे. वरून कुणाची बोट गेली?”

“कुणाची जातेय! चार दिवसांत एक बदकसुद्धा गेलं नाही इथून. मी खिडकीतच तर बसलेली असते. दुसरं काय करणार? गिऱ्हाईक नाही, नवरा नाही, दात नाहीत.” मग तिनं वाकून आमच्या खोलीत पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. “अगं बाई. याला कधीपासून?”

तिनं डॉक्टरला फोन लावून पाहिला. घोडासुद्धा येणार नाही म्हणाला. एक गरम सूपची बरणी आणि तिच्या मेलेल्या नवऱ्याचा लोकरी कोट एवढं तिनं माझ्या हातात कोंबलं.

“तुझी सासू असायला हवी होती आज,” ती म्हणाली. “पुढे धावली असती म्हातारी. पोरगा म्हणजे जीव होता तिचा.”

“हो. आणि मी म्हणजे जिवाला घोर होते.”

“ते तर आहेच,” मिसेस पेल म्हणाली आणि आम्ही दोघी थोडं हसलो. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

एफ्राइमला सूप पाजलं. त्यानं डोळे उघडले. “दांड्यांचा आवाज येतोय पुढून,” तो म्हणाला. “तुला येतोय?”

“नाही रे. झोप.”

पण मला ऐकू आला होता. धुक्यात, पुढे कुठेतरी, झडपेच्या दातऱ्यावर किल्ली फिरल्याचा कट कट कट असा. मला वाटलं, गुत्तेवाला पंप चालवत असेल.

४

हॉर्नलीच्या वर लॉकची रांगच आहे, एकावर एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. सगळे उघडे.

तिसऱ्याला का चौथ्याला मी दार लावायला काठावर चढले. दांड्यावर पांढरं दव गोठलं होतं, साखर पेरल्यासारखं. मी पाठ टेकवणार एवढ्यात मला त्यात एक डाग दिसला. तिथलं दव वितळलं होतं. डाग पाठीएवढा रुंद नव्हता. मुठीपेक्षा मोठा, गोल, आणि त्याच्या शेजारी आणखी एक, लहानसा, लांबट. ओलं लाकूड काळं दिसत होतं.

मी हातमोजा काढला आणि हात लावला. लाकूड कोमट होतं.

काठच्या वाटेवर माझ्या बुटांचे ठसे सोडले तर बर्फ कोरा होता. मी दोन्हीकडे पाहिलं, पलीकडचा काठही पाहिला. मग मी तिथं उभी राहून स्वतःला समजावलं, मोठ्यानं, जशी लहान मुलाला समजावतात. ऊन पडलं असेल. धुक्यात ऊन कसलं? मग पक्षी बसला असेल. बदक बसलं असेल. उबदार बदक. मला माझंच हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण त्या दोन डागांची जागा मला ओळखीची होती. दांड्याच्या अगदी टोकाला एक खांदा, आणि त्याच्या शेजारी एक गाल.

पुढच्या लॉकला मी दांड्याकडे न बघता पाठ टेकवली. कोटातून ऊब लागली.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला भीती नाही वाटली. मला वाटलं, आल्या. जिवंतपणी माझ्यासाठी कधी हलल्या नाहीत, पण पोरासाठी मातीतूनसुद्धा उठून आल्या, आणि येऊ देत. मी हळूच म्हटलं, “उपकार झाले, आई.” धुक्यात काहीच हललं नाही.

खोलीत आले, एफ्राइमच्या कपाळावर हात ठेवला आणि माझा विश्वास बसेना. ताप उतरला होता. घरघर थांबली होती. तो शांत पडला होता, ओठांवर हसू.

“बरं वाटतंय?”

“खूप,” तो म्हणाला. “आता काही दुखत नाही.”

५

स्टेनवेलच्या लॉकवर राखणदार असतो. ओबी फिंच, नाकावर सतत थेंब, बोलण्यात सतत तक्रार. तो दुपारीच कंदील घेऊन काठावर उभा होता आणि त्याच्या पाठीमागे त्याचा लॉक उघडा होता.

“हे बरं नव्हे हं, डोर्कस,” तो लांबूनच ओरडला. “माझ्या लॉकला हात लावायचा तर आधी दार ठोठवावं. पुढे कुणाला पाठवलंयस? मी खिडकीतून हाक मारली तर वळूनसुद्धा पाहिलं नाही.”

“मी कुणालाच नाही पाठवलं, ओबी.”

“मग ती कोण होती?”

“तुम्ही काय पाहिलं?”

ओबीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग तो वळून दांड्याकडे बघू लागला. तिथं ते दोन डाग होते. त्यांच्या कडा पुन्हा गोठायला लागल्या होत्या. नेदरकॉटला पेटीचा एक कोपरा त्यानं खांद्यावर घेतला होता. पेटीत काय काय ठेवलं तेही त्यानं पाहिलं होतं.

त्यानं नाक पुसलं. “धुकं होतं,” तो शेवटी म्हणाला. “माझे डोळे काय आता पूर्वीसारखे राहिलेत?”

“ओबी, मला भीती वाटायला लागलीये.”

“कशाला? चाललंय ते चांगलंच चाललंय ना? मोकळी मिळालेली वाट कुणी सोडतं का? आपल्यात नाहीच तशी रीत. मिळाली की घ्यायची आणि टोपी काढायची.” त्यानं खरंच टोपी काढली, माझ्याकडे नाही, पुढे धुक्याकडे बघून. “पोराला लवकर पोचव म्हणजे झालं.”

कुठे पोचव ते तो बोलला नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मी पाणी भरत असताना तो खोलीत डोकावला आणि पटकन बाहेर आला. “थंड आहे गं खोली,” म्हणाला. शेगडी तर लाल झालेली होती.

६

स्टेनवेलच्या पुढे कालवा रुंद होतो. तिथं फाटा फुटतो. सरळ गेलं की मुख्य कालव्याचा लॉक आणि मग टॉलब्रिज. डावीकडे वळलं की जुना फाटा, नेदरकॉट.

मी इंजिन मंद केलं. धुकं पाण्यावर बसलं होतं, पण दोन्ही लॉक दिसत होते. सरळचा लॉक भरलेला होता आणि दारं गच्च मिटलेली. त्या दिवसातला पहिला बंद लॉक.

डावीकडची साखळी निघालेली होती. ती काठावर नीट गुंडाळून ठेवली होती, बोटीवरचा दोर गुंडाळतात तशी. आणि दारं सताड उघडी. आत रिकामा हौद, भिंतींवरून पाणी निथळत होतं.

“वळव,” एफ्राइम खालून म्हणाला.

“काय?”

“वळव ना. आईनं उघडलंय. तिला ताटकळत ठेवू नकोस, चिडेल.”

मी खाली वाकून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा गुळगुळीत झाला होता, लग्नाच्या दिवशी होता तसा. खोलीचं दार उघडं होतं, बाहेरची थंडी आत येत होती आणि माझ्या तोंडातून वाफ निघत होती. त्याच्या तोंडातून निघत नव्हती. मी पांघरुणात हात घालून त्याचे पाय चाचपले. गुडघ्यापर्यंत गार. दगडासारखे गार.

ताप उतरला म्हणून मी मघापासून देवाचे आभार मानत होते. तो कसा उतरत होता ते मला आत्ता कळलं. लॉक उघडा मिळायचा, आणि तो थोडा गार पडायचा. आणखी एक लॉक, आणखी थोडा. दर वेळी मी म्हणायचे, वाट मोकळी आहे. वाट कुठे जाते ते मी एकदाही विचारलं नाही. बोटवाली ना मी, उघडं दार दिसलं की बोट घालायची एवढंच ठाऊक.

“डोर्कस,” तो म्हणाला. “वळव गं.”

मला त्याचा भयंकर राग आला आणि तेवढीच त्याची कीव आली. मी त्याचं पांघरूण गळ्यापर्यंत सारखं केलं आणि सुकाणू सरळ धरलं.

७

बोट बांधली, माझी साधी गंजकी किल्ली घेतली आणि काठावर चढले. झडपा उचलल्या. पाणी धो धो करत उतरलं. उतरेपर्यंत मी डावीकडे पाहिलं नाही.

पाणी बरोबरीला आलं. मी दांड्याला पाठ लावली, टाचा विटांत रोवल्या आणि रेटलं. दार हललं नाही.

पाणी अजून थोडं राहिलं असेल, मी म्हटलं. थोडं जरी वरखाली असलं तरी दार हलत नाही. थांबले, पाहिलं. पाणी सपाट, दाराच्या दोन्ही बाजूंना सारखं. पुन्हा रेटलं. पाठीचा कणा मोडतो की काय असं वाटलं. दार तसंच. दगडाला रेटल्यासारखं नव्हतं ते. दगड नुसता असतो. हे दार माझ्याइतक्याच जोरानं, माझ्या श्वासाबरोबर उलटं रेटलं जात होतं. मी दम घ्यायला थांबले की तेही थांबायचं.

लॉक अरुंद असतो. पलीकडच्या दाराचा दांडा माझ्यापासून दोन हातांवर होता. मी मान वळवली.

दांड्याच्या टोकाला कुणीतरी वाकून उभं होतं. काळ्या टोपडीची मागची झालर दिसत होती, तिच्यावर माती. खांदा लाकडाला लावलेला. तोंड लाकडाकडे, गाल टेकलेला, ऐकत असल्यासारखं. त्यापेक्षा जास्त मी पाहिलं नाही. मी डोळे मिटून घेतले, आणि आजही सांगते, ते मिटले हे फार बरं झालं, कारण टोपडी वळायला लागली होती.

“आई,” मी म्हटलं. “तुमचा आहे तो, मला माहीत आहे. माझ्या आधी तुमचा. पण आज नाही. आज मी नाही देणार.”

दार हललं नाही. खाली बोटीतून एफ्राइमनं आईला हाक मारली, लहान मुलासारखी.

“त्याची वेळ झाली की मी स्वतः पाठवीन,” मी ओरडले. “ऐकताय ना? मी स्वतः माझ्या हातानं वाट मोकळी करून देईन. अडवणार नाही. रडणारसुद्धा नाही. पण तोपर्यंत माझ्याकडे राहू द्या. मी सांभाळीन नीट. तुम्ही कधी म्हटलं नाहीत, पण तुम्हाला ठाऊक आहे मी सांभाळते.”

फक्त गळणाऱ्या पाण्याचा आवाज. मग माझ्या पाठीमागचा दांडा सरकला, आणि त्याच दमात पलीकडचाही. दोन्ही दारं एकदम उघडली. पलीकडचं दार उघडायला मला पलीकडे जावं लागलं नाही.

मी डोळे उघडले तेव्हा तिथं फक्त दोन ओले डाग होते. डावीकडे, धुक्यात, जुन्या फाट्याची दारं आपटून मिटली.

बोटीवर उतरले तेव्हा एफ्राइम खोकत होता. घरघर, घरघर, मग खोकला. हात लावला तर भाजत होता. मी त्याचा तो तापलेला हात गालाला लावला आणि इतकी रडले की सुकाणू दिसेना.

तिथून टॉलब्रिजपर्यंत एकही लॉक मोकळा मिळाला नाही. पोचले तेव्हा माझ्या तळहातांवर कातडी राहिली नव्हती. इस्पितळातल्या नर्सनं आधी माझेच हात पाहिले.

८

तो वाचला. त्या वाटेतलं त्याला काही आठवत नव्हतं, आणि मीही आठवण करून दिली नाही.

पुढे बोटींचा धंदा बसला. आम्हाला टॉलब्रिजला सरकारी घर मिळालं, पुढे हातभर बाग आणि एक लाकडी फाटक. कालवा दोन गल्ल्या सोडून. एफ्राइमनं कारखान्यात नोकरी धरली, मुलं झाली, त्यांची लग्नं झाली, केस पांढरे झाले. चारचौघांसारखं आयुष्य मिळालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

फक्त हिवाळ्यात, दव गोठायचं त्या सकाळी, मी दूध घ्यायला बाहेर पडायची तर रात्री लावलेलं फाटक सताड उघडं असायचं. वरच्या फळीवर दोन डाग. मी झग्याच्या घोळानं ते पुसून टाकायची आणि फाटक लावायची. “अजून नाही,” एवढंच म्हणायची. मुलांना वाटायचं, पेपर टाकणारा उघडं टाकतो. त्याला बिचाऱ्याला फुकट बोलणी बसली.

या हिवाळ्यात एफ्राइमचं आतडं निकामी झालं. डॉक्टरांनी हात टेकले, घरी घेऊन जा म्हणाले. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी त्याचा पलंग लावला आहे. गेल्या आठवड्यापासून तो खात नाही. दुखतं तेव्हा उशीचा कोपरा चावतो, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मला ऐकू जातं. रोज सकाळी मी बाहेर जाऊन पाहते. कडाक्याचं दव पडतंय, आणि फाटक बंद असतं. रोज बंद. एकही डाग नाही. कुणाची तरी वाट बघितली जातेय, आणि ते माणूस मी आहे, हे कळायला मला हुशार असायची गरज नव्हती. मी शब्द दिला होता. पण मी रोज बंद फाटक बघून आत यायची आणि चहा टाकायची.

आज पहाट उलटल्यावर त्यानं डोळे उघडले.

“डोर्कस,” तो म्हणाला. “वाट कशी आहे?”

किती वर्षांनी विचारलं त्यानं हे. मी म्हटलं, “बघून येते.”

दार उघडलं. उंबऱ्यावर, दवात, एक किल्ली ठेवलेली होती. लोखंडावर ओली माती होती, पण मूठ पुसलेली होती, चांदीसारखी.

जिवंत होत्या तोवर त्यांनी मला तिला हात लावू दिला नव्हता. मी हात झग्याला पुसले. मग वाकले आणि उचलली. मूठ कोमट होती, नुकतीच कुणीतरी हातातून सोडल्यासारखी. माझ्या हातात ती बरोबर बसली.

मी खोलीचं दार उघडं ठेवलं आणि त्याला विटेचा अडसर लावला. बाहेरचं दार मागे भिंतीला टेकवलं. बागेतून गेले आणि फाटकाला खांदा लावून, गाल टेकवून ते पार मागे रेटलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. कालव्याकडे जाणाऱ्या गल्लीत धुकं होतं आणि त्यात पुढे कुठेतरी कट कट कट ऐकू येत होतं.

मी रडले नाही. तसं ठरलं होतं.

आत आले, पलंगावर त्याच्याजवळ बसले. बाहेरची थंडी सरळ त्याच्या तोंडावर येत होती आणि त्याला ती चालत होती.

“मोकळी आहे रे,” मी म्हटलं.